कोपऱ्यावरचा श्वास

मिस्त्रींचं गॅरेज नावालाच गॅरेज होतं. त्यात गाडी कधी उभी राहिलीच नाही. तीस वर्षं तिथे लोखंड कापलं गेलं, जोडलं गेलं, घासलं गेलं, आणि शटरच्या वर एक पत्र्याची पाटी होती: ‘जाळ्या व फाटके करून मिळतील’. गेल्या वर्षी मेंदूत गुठळी अडकली आणि मिस्त्रींचा उजवा हात गेला. म्हणजे होता जागच्या जागीच, पण परक्या पाहुण्यासारखा मांडीवर पडून असायचा. दवाखान्यातून घरी आल्या आल्या त्यांनी ती पाटी उतरवायला लावली.

“ज्या हातानं लावली, त्याच हातानं परत चढेल,” ते म्हणाले. “नाहीतर भिंतीला टेकून राहू दे.”

एवढं बोलून ते जे गप्प बसले, ते बसलेच. बायकोनं समजावलं, शेजाऱ्यांनी समजावलं, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या व्यायामाच्या बाईंनी तर रबरी चेंडू हातात कोंबून कोंबून पाहिला. चेंडू घरंगळत पलंगाखाली जायचा आणि मिस्त्री छताकडे बघत राहायचे. माणूस असा डोळ्यांदेखत विझताना बघणं फार वाईट असतं.

त्यांच्या लेकीला हे सोसलं नाही. घरात तिला सगळे ‘मोजपट्टी’ म्हणत. लहानपणी दोन कपांतला चहा फूटपट्टीनं मोजून भांडायची, तेव्हापासून हे नाव चिकटलं, आणि पुढे नोकरीही तिनं तसलीच धरली: नळाच्या तोट्या बनवणाऱ्या कारखान्यात मापं तपासायची. जे मोजता येत नाही त्यावर तिचा विश्वास नव्हता. एका रविवारी तिनं कागदावर एक टेबल काढलं आणि वडिलांपुढे धरलं.

“प्लाझ्मानं लोखंड कापायचं टेबल. चित्र कॉम्प्युटरमध्ये काढायचं. वर हा आडवा पूल पुढेमागे सरकतो, पुलावर कापणारा टॉर्च डावीउजवीकडे. कापायचं काम यंत्र करतं.”

“आणि मी काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?” मिस्त्री म्हणाले. “त्यालाही दोन हात लागतात.”

पण कागद त्यांनी परत दिला नाही.

चार महिने गेले. चौकोनी नळ्यांची चौकट झाली, पत्रा ठेवायला उभ्या पट्ट्या झाल्या, खाली ठिणग्या विझवायला पाण्याचा ट्रे आला. मोटरी, पट्टे, वायरी यांचा नुसता बुजबुजाट झाला. वेल्डिंग मोजपट्टीनं केलं आणि शिव्या मिस्त्रींनी दिल्या. ते स्टुलावर बसून डाव्या हातानं चौकट चाचपत. “या कोपऱ्यात दीड मिलिमीटर पळालंय,” असं म्हणत, आणि मोजपट्टी दोन्ही कर्णांना टेप लावून बघे तर बरोबर दीड. तिला मनापासून राग यायचा आणि त्याहून जास्त आनंद व्हायचा. कारण बाबा बोलायला लागले होते.

पहिला काप दुपारी घेतला. मिस्त्रींची जुनी खोड अशी, की काहीही कापताना एक हात त्या वस्तूवर ठेवायचा. लोखंड काय म्हणतंय ते हाताला कळतं, म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी आपला मेलेला उजवा हात डाव्यानं उचलला आणि पुलावर ठेवला. मोजपट्टीनं बटण दाबलं. कडकन आवाज झाला, निळा उजेड पडला, आणि मिस्त्रींचं अख्खं अंग एकदा थरारलं.

तिनं झटकन बंद केलं. चूक तिचीच होती. अर्थिंगचा चिमटा तिनं पत्र्याच्या गंजलेल्या कोपऱ्यावर लावला होता, गंज घासायचा राहिला होता, म्हणून करंट पुलात उतरला. मापं तपासणाऱ्या बाईला शोभेल अशी चूक नव्हती ती.

“काही झालं का?”

“मुंग्या आल्या,” मिस्त्री म्हणाले. मग हाताकडे बघत म्हणाले, “वर्षानं आल्या.”

दुसऱ्या दिवसापासून यंत्र झकास चालायला लागलं. चौकोन, गोल, पानांची नक्षी, सगळं सुरेख कापून निघे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मिस्त्री स्टुलावरून एकटक बघत होते, ते मध्येच म्हणाले, “हे कोपऱ्यावर श्वास घेतं.”

हा त्यांचाच नियम होता. रेघेवर श्वास धरायचा, कोपऱ्यावर सोडायचा. सगळ्या शिकाऊ लोकांना त्यांनी तो ओरडून ओरडून शिकवला होता. मोजपट्टी हसली. कोपऱ्यावर यंत्र थोडं मंदावतंच, तिनं समजावलं. पण संध्याकाळी तिनं घड्याळ लावून पाहिलं. यंत्र मंदावत नव्हतं, थांबत होतं. प्रत्येक कोपऱ्यावर दीड सेकंद. प्रोग्रॅमची एकेक ओळ तिनं वाचून काढली. थांबायला कुठेच सांगितलेलं नव्हतं. आणि टॉर्च असा एका जागी थांबला, तर पत्र्याला खड्डा पडायला हवा. कोपरे तर असे स्वच्छ, की नख फिरवलं तरी अडकत नव्हतं.

तिनं वायरी बदलल्या. कॉम्प्युटर लांब नेला. थांबणं काही गेलं नाही. शेवटी तिनं वहीत ‘कारण सापडले नाही’ असं लिहिलं. हे वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं असेल.

त्याच आठवड्यात मिस्त्रींची करंगळी हलली. मग बाकीची बोटं हलली. व्यायामाच्या बाई हरखून गेल्या, त्यांना वाटलं चेंडूचा गुण. महिन्याभरात मिस्त्री उजव्या हातानं कप उचलायला लागले. पहिल्या दिवशी आईनं फक्त कप पुन्हा काठोकाठ भरला आणि डोळे पुसायला आत गेली.

एके दिवशी मोजपट्टी सुट्टी घेऊन घरीच होती. नव्या पाटीची अक्षरं कापायची होती. मिस्त्रींनीच सांगितलं होतं, जुनी गंजली, आता नवी कर. एक अक्षर सुटलं आणि पट्ट्यांमध्ये उभं राहिलं. टॉर्च सरळ त्याच्यावर चालून येत होता. आदळला असता तर टॉर्चचे तुकडे झाले असते. तिनं लाल बटणावर थाप मारली. यंत्र जागच्या जागी मेलं.

स्वयंपाकघरात कप फुटला.

ती धावत गेली. मिस्त्री ओट्यापाशी उभे होते. उजवा हात खाली लोंबत होता, आणि ते त्याच्याकडे असे बघत होते, जसं कुणी दगा दिलेल्या मित्राकडे बघतं.

“होतं असं कधी कधी, तू कामावर गेलीस की,” आई घाईघाईनं म्हणाली आणि तुकडे गोळा करू लागली.

मोजपट्टी गॅरेजमध्ये परत आली. तिनं अडकलेलं अक्षर काढलं, लाल बटण फिरवून सोडलं आणि यंत्र चालू केलं. मोटरी गुणगुणल्या. आतून आईचा आवाज आला, “बघा, हात आला की परत. उगीच घाबरवता.”

त्या दिवसापासून तिनं यंत्र बंद केलं नाही. कापायचं नसलं तरी चालूच ठेवायची, दिवस आणि रात्र. हे का ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? आई म्हणायची, काय ही कटकट, सारखी गूं गूं. ती म्हणायची, मोटरी गार पडल्या की माप बिघडतं. धडधडीत खोटं होतं ते, आणि घरात ते फक्त मिस्त्रींना कळण्यासारखं होतं. मिस्त्री तिच्याकडे नुसते बघायचे.

तीन आठवड्यांनी वीज कार्यालयाची सूचना आली. गुरुवारी दुरुस्तीसाठी दुपारी दोन ते चार वीज बंद राहील. आणि मिस्त्रींनी नेमकं त्याच गुरुवारी पाटी चढवायचं ठरवलं.

“शनिवारी लावू,” मोजपट्टी म्हणाली.

“आज.”

“बाबा, दुपारी लाईट जाणार आहे.”

“मी अकराला चढतोय. आणि पाटी काय विजेवर लावतात?” हे बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “वर्ष झालं, मोजपट्टी. किती दिवस भिऊन बसायचं?”

पुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता. अकरा ते दोन, तीन तासांचं अंतर होतं, तिनं दोनदा हिशोब केला.

शिडी शटरच्या बाहेर लागली. आईनं ती दोन्ही हातांनी धरली. मिस्त्री एकेक पायरी चढून वर गेले, पाटीचा सगळा भार उजव्या हातावर घेतला आणि डाव्यानं बोल्ट बसवू लागले. पाटी चांगली जड होती. मोजपट्टी मात्र आत, यंत्रापाशी उभी होती. बाहेर जाऊन बघायचं सोडून ती कॉम्प्युटरवरचा हिरवा दिवा बघत होती. स्वतःची लाजही वाटत होती तिला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी दिवा गेला.

पंखा थांबला. कॉम्प्रेसर गप्प झाला. मोटरींची गुणगुण तुटली. रस्त्यावरच्या कुठल्यातरी दुकानातून कुणीतरी वीजवाल्यांना शिवी हासडली.

मोजपट्टी यंत्रापाशीच राहिली. शटरच्या चौकटीतून तिला शिडीच्या खालच्या पायऱ्या दिसत होत्या, आईच्या मुठी दिसत होत्या. बाबांच्या पडण्याच्या आवाजाची ती वाट बघत राहिली.

आवाज आला तो पान्याचा. कर्र. कर्र. मग थोडं थांबून पुन्हा कर्र.

“जरा डावीकडे घ्या,” आई म्हणाली.

“घेतोय. धरलीय मी घट्ट.”

मोजपट्टीनं हळूच पुलाला हात लावला. वीज गेली की मोटरी सुटतात. पूल मग एका बोटानं ढकलला तरी सरकतो, शंभर वेळा सरकवला होता तिनं. आता तिनं बोटानं ढकललं.

पूल हलला नाही.

तिनं तळहात लावून जोर दिला. मग दोन्ही हातांनी दिला. काही म्हणता काही हललं नाही. कुणीतरी मूठ आवळून धरल्यासारखा तो घट्ट होता.

कॉम्प्युटरचा प्लग तिनं भिंतीतून उपसला. मोटरींची वायर काढली. तरी तो तसाच.

बाहेर शेवटचा बोल्ट बसला. “झालं,” मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी लांब श्वास सोडलेला तिला आतपर्यंत ऐकू आला. तिच्या हाताखालचा पूल त्याच क्षणी सैल पडला, चार बोटं सरकला आणि थांबला.

शिडी करकरली. मिस्त्री उतरत होते. आईचं एकाच वेळी हसणं आणि रडणं चाललं होतं, तसं ती वर्षभरात हसली नव्हती.

“अहो, हात किती गार पडलाय तुमचा.”

“लोखंडाशी मस्ती केली, गार पडणारच. बोटं बघ की कशी वळतायत,” मिस्त्री म्हणाले. आवाजात जुनी गुर्मी परत आली होती. “मोजपट्टी, बाहेर ये. पाटी सरळ लागलीय का ते तुझ्याशिवाय कोण सांगणार?”

मोजपट्टीला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. पाटी लागली होती. हात राहिला होता. वीज येवो न येवो, आता तिला कशाची भीती नव्हती, निदान त्या क्षणी तरी नव्हती.

“आले बाबा. एक मिनिट.”

पुलावरचा हात तिनं अजून उचलला नव्हता. सकाळपासून सावलीत असलेलं ते लोखंड कोमट लागत होतं. आणि तळहाताखाली अगदी बारीक, थांबून थांबून, काहीतरी ठोके देत होतं.

तिनं मनगटावरचं घड्याळ वर केलं. सेकंदकाटा बारावर आला, तशी ती मोजायला लागली.