धुक्यातल्या लाल सपाता

"माझा एक मोजा कुणी खाल्ला?" लोव्रो बुटांच्या खोलीतून ओरडला.

"ज्यानं खाल्ला तो एव्हाना मेला असेल!" आज्दा म्हणाली. "घरून निघाल्यापासून तोच मोजा घालतोयस!"

तिंकारा हसली नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती. काल संध्याकाळी इथून समोरचं अख्खं शिखर दिसत होतं. आज पायऱ्यांजवळचा लाकडांचा ढीगही दिसेना. बाहेर नुसतं पांढरं धुकं होतं आणि ते काचेला चिकटून आत बघत असल्यासारखं वाटत होतं.

तेरा वर्षांची तिंकारा, तिची धाकटी बहीण आज्दा आणि मावसभाऊ लोव्रो या तिघांना यंदा पहिल्यांदाच एकट्यानं डोंगर चालायची परवानगी मिळाली होती. रोज एका विश्रामघरापासून पुढच्या विश्रामघरापर्यंत जायचं, रात्री तिथं झोपायचं. तिथली बाई किंवा बाप्या घरी फोन करून सांगणार, 'पोचली तुमची पोरं.' आईची अट एकच होती. दगडांवर लाल-पांढरे गोल रंगवलेली पायवाट सोडायची नाही. एक पाऊलसुद्धा नाही!

"तिंका, चल ना," लोव्रो मोजा शोधून बूट चढवत म्हणाला. "धुक्याला घाबरलीस?"

"हो," तिंकारा सरळ म्हणाली. "आणि ते बूट कुणाचे?"

मांडणीवर त्यांचे बूट होते. रोझालियामावशींचे रबरी बूट होते. रोझालियामावशी म्हणजे हे विश्रामघर चालवणाऱ्या बाई. आणि अगदी खाली, कोपऱ्यात, कातड्याचा एक जुना जोड होता. त्याला नाड्यांऐवजी हिरवी लोकर ओवलेली होती.

"गायक मंडळींपैकी कुणाचे तरी असतील," लोव्रो म्हणाला. "विसरला असेल कुणीतरी."

"बूट विसरला? मग तो डोंगर उतरला कसा? उडत?"

काल खालच्या गावातली गायक मंडळी मुक्कामाला होती. रात्री जेवणघर दणाणून गेलं होतं. पहाटे मंडळी दोन वाटांनी निघून गेली. निम्मी झ्वोन्कोकाकांबरोबर खिंडीतून, निम्मी स्लावकाकाकूंबरोबर जंगलातून. घरात बूट घालून यायचं नाही, दारातच काढून तिथल्या लाल लोकरी सपाता घालायच्या, हा डोंगरातला नियम कुणी मोडत नाही. म्हणजे जाताना प्रत्येकानं सपाता ठेवल्या असणार आणि बूट घातले असणार.

"एक जण सपाता घालूनच बाहेर गेलाय," तिंकारा हळूच म्हणाली.

आज्दानं वाकून बूट बघितले. मग म्हणाली, "ते हिरव्या लोकरीचे बूट गायक मंडळींतल्या त्सिरिलआजोबांचे आहेत. काल मीच त्यांना गाठ मारून दिली."

रोझालियामावशींनी लगेच झ्वोन्कोकाकांना फोन लावला.

"त्सिरिल? अहो, आहे ना मागे!" काकांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "नेहमीसारखा रेंगाळतोय. काळजी करू नका!"

मावशींचा चेहरा निवळला. पण लोव्रोनं हात पुढे केला. "मावशी, मी बोलू? काका, आजोबांच्या गोळ्यांची डबी इथं राहिलीय. कधी घ्यायच्या ते विचारायचंय. जरा त्यांना फोन द्या ना!"

"कुठली डबी?" आज्दा कुजबुजली. तिंकारानं तिला चिमटा काढला.

फोनमधून हाका ऐकू आल्या. "त्सिरिल! अरे, त्सिरिलला पुढे पाठवा!" मग दुसरा एक आवाज, "तो स्लावकाबरोबर गेला ना?" मग काहीच नाही. नुसता वारा.

"मला वाटलं..." झ्वोन्कोकाका म्हणाले. त्यांचा आवाज आता निराळा होता. "आम्ही परत फिरतो. पण वेळ लागेल."

स्लावकाकाकूंचंही उत्तर तेच. त्यांना वाटलं, आजोबा झ्वोन्कोबरोबर आहेत.

मावशींनी बचाव पथकाला कळवलं. धुक्यात हेलिकॉप्टर उडणार नव्हतं, माणसं दरीतून चालत येणार होती. मावशींनी बूट चढवले, शिटी गळ्यात घातली. "आजोबांना हल्ली काल आणि आज यांतला फरक कळत नाही. मी जंगलाच्या वाटेनं बघते. तुम्ही अंगण सोडायचं नाही!"

शिटीचा आवाज लांब लांब गेला आणि मग बंद झाला.

घरात इतकं शांत झालं की चुलीतलं लाकूड तडकलं तरी तिघं दचकली. आज्दा जेवणघरात फिरत होती. अचानक ती भिंतीपाशी थांबली.

"तिंका! बादली नाही!"

भिंतीवर एक जुना फोटो होता. त्यात दुहेरी खोडाच्या लार्च वृक्षाखाली एक तरुण उभा होता, हातात पत्र्याची बादली. फोटोशेजारच्या खिळ्याला काल तीच बादली शोभेला टांगलेली होती. आता खिळा रिकामा होता.

"हा फोटोतला माणूस म्हणजे त्सिरिलआजोबाच," आज्दा भराभरा सांगू लागली. "पूर्वी हे घर तेच चालवायचे. इथं पाणी नव्हतं ना, मग त्या झाडामागून सरळ जाऊन बर्फाच्या विहिरीतून बर्फ आणायचे, चहासाठी. काल सगळे गात होते तेव्हा त्यांनी मला सांगितलं."

बर्फाची विहीर! या चुनखडीच्या डोंगरात अशी विवरं असतात हे तिंकाराला शाळेत शिकवलं होतं. काठ गुळगुळीत, आत काळोख, तळाशी उन्हाळ्यातही न वितळणारा बर्फ. आणि आजोबांच्या पायांत लोकरीच्या सपाता.

"मावशींना फोन कर!"

लोव्रोनं लावला. फोन स्वयंपाकघरातच वाजला.

"पथक येईपर्यंत ते गारठून जातील," तिंकारा म्हणाली. "पण पायवाट सोडायची नाही, असं आपण आईला वचन दिलंय. धुक्यात आपणही हरवलो तर शोधायला चार जण होतील."

लोव्रो मांडणीकडे बघत होता. तिथं लाल सपातांची रांगच रांग होती.

"मग आपण पायवाट बरोबर नेऊ!" तो म्हणाला.

आज्दानं अंगणातली घंटा वाजवायची, थांबायचं नाही, आणि मावशी आल्या तर सगळं सांगायचं, असं ठरलं. "हात तुटला तर?" तिनं विचारलं. "दुसऱ्या हातानं वाजव!" लोव्रो म्हणाला. पण त्याचेही ओठ पांढरे पडले होते.

पोत्यात सपाता भरून दोघं अंगणाच्या कडेच्या त्या दुहेरी खोडाच्या झाडापर्यंत गेली. तिथं पहिली सपाता ठेवली. मागची सपाता पुसट होऊ लागली की दुसरी ठेवायची. ती दिसेनाशी होईल इतकं पुढे जायचं नाही. पांढऱ्या दगडांवर लाल ठिपक्यांची रांग वाढत गेली. मागून घंटेचा आवाज येत होता, पण तो कधी डावीकडून यायचा, कधी उजवीकडून.

"आजोबा!" लोव्रोनं हाक मारली. धुक्यानं ती गिळून टाकली.

दगडांना भेगा होत्या. एका भेगेत लोव्रोचा पाय घोट्यापर्यंत गेला आणि त्यानं तोंडावर हात दाबला. पोतं हलकं होत गेलं. शेवटी तिंकाराच्या हातात एकच सपाता उरली.

ती ठेवायला वाकली आणि तिच्या नडग्यांना गार हवा लागली. वारा नव्हता. हवा खालून येत होती, कुणीतरी श्वास सोडावा तशी.

"हलू नकोस," ती पुटपुटली. "विहीर इथंच आहे."

हाक मारावी तर आजोबा दचकतील. दचकून घसरले तर? तिला कालचं गाणं आठवलं. त्सिरिलआजोबांचा खर्ज सगळ्यांत खाली, संथपणे यायचा. तिनं हळूच म्हटलं,

"ढग उतरले कुरणावरती, घंटा वाजे दूर..."

आणि ती थांबली. घंटा वाजत होती. बाकी काही नाही. मग अगदी समोरून, अगदी खालून, एक जाडा आवाज वर आला,

"दूर... दूर..."

लोव्रोनं तिचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. तिंकारा पोटावर झोपली. "माझे पाय धर!" ती सरपटत पुढे गेली. दगड संपला. खाली काळोख होता. आणि काठाच्या जरा खाली, अरुंद कपारीवर, आजोबा पाय सोडून बसले होते. मांडीवर बर्फानं भरलेली बादली. एका पायात लाल सपाता, दुसऱ्यात नुसता मोजा.

"आजोबा," ती हळू म्हणाली, "न्याहारी थांबलीय."

"अगं, चहाला पाणी नको का?" ते चिडून म्हणाले. "घर माणसांनी भरलंय आणि तुम्ही पोरी झोपून राहता!"

"चुकलं आमचं. बादली माझ्याकडे द्या. मग तुम्ही या."

"सांडू नकोस!"

बादली वर आली. मग तिनं त्यांचं मनगट धरलं. ते बर्फासारखं गार होतं. आजोबांना ओढून काढणं दोघांच्या ताकदीबाहेरचं होतं. पण ओढावं लागलं नाही. त्यांचे हात दगडात चाचपडले आणि त्यांना खाचा सापडल्या. तरुणपणी त्यांनीच कोरलेल्या! मोज्यातला पाय एकदा घसरला. खाली एक खडा गेला. तो कुठं पडला ते ऐकूच आलं नाही. मग आजोबा काठावर आले आणि लोव्रोनं आपलं जाकीट त्यांच्या अंगावर टाकलं.

काठाजवळची सपाता कुणाच्या ध्यानात आली नाही, पण परतीच्या वाटेवर पुढची दिसताच आजोबा थबकले.

"सपाता बाहेर? कुणी आणल्या? लाज नाही वाटत?" ते कडाडले आणि वाकून एकेक सपाता गोळा करत घराकडे चालू लागले.

अंगणात रोझालियामावशी नुकत्याच परतल्या होत्या. त्यांनी आधी आजोबांना मिठी मारली, मग मुलांना, मग मुलांना भरपूर बोलल्या, मग पुन्हा मिठी मारली. आज्दा घंटा वाजवतच होती. तिला थांबायला सांगायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

दुपारी धुकं उठलं. पथकाच्या प्रमुख बाई तिंकाराबरोबर झाडापर्यंत गेल्या. पांढऱ्या दगडावर एकच सपाता राहिली होती, शेवटची. तिच्यापासून दोन हातांवर डोंगरानं काळं तोंड उघडलं होतं. तिंकारानं झाडाचं खोड धरलं.

"धुक्यात मोठी माणसं धावतात आणि मग आम्हाला त्यांनाही शोधावं लागतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही धावला नाहीत. शाबास!"

जेवणघरात झ्वोन्कोकाका मान खाली घालून उभे होते. "मला खरंच वाटलं..."

"वाटलं!" मावशी म्हणाल्या. "पोरांना काही वाटलं नाही, त्यांनी बूट बघितले!"

आजोबांच्या बादलीतला बर्फ मावशींनी मोठ्या पातेल्यात वितळवला आणि त्याचाच चहा केला. आजोबा शेगडीजवळ बसून प्रत्येकाला पेला देत होते. पहिला पेला आज्दाला, मग लोव्रोला, मग तिंकाराला.

"आणि मला?" झ्वोन्कोकाका म्हणाले.

आजोबांनी त्यांच्या पायांकडे बघितलं. धावत आल्यामुळे काका चिखलाच्या बुटांनिशी थेट आत आले होते.

"आधी सपाता!" आजोबा म्हणाले.