सातवा पापुद्रा

त्या सकाळी मी निघालो तो अगदी साध्या कामाला. शर्यतीच्या मैदानाची जागा विकली गेली होती, पुढच्या आठवड्यात तिथे खोदाईची यंत्रं येणार होती. क्लबच्या सेक्रेटरीचं म्हणणं, सुरुवातीच्या रेषेवरचं लोखंडी फाटक तुम्ही बसवलंत, तेव्हा तुम्हीच काढून न्या. माझं वेल्डिंगचं दुकान आहे. पाने, हातोडा, गंजावर मारायचं तेल अशी पिशवी स्कूटरला अडकवली आणि सात वाजायच्या आत घर सोडलं. बाहेर दाट धुकं होतं, कोपऱ्यावरचं दूधकेंद्रही दिसत नव्हतं.

बावीस वर्षांत मी त्या मैदानावर पाय ठेवला नव्हता. लोक म्हणायचे, जिवाभावाचा माणूस गेला तिथे, मनाला लागलंय बिचाऱ्याच्या. मी ते कधी खोडून काढलं नाही. लोक माझ्याबद्दल चांगलं बोलायला लागले की मान खाली घालून ऐकून घ्यायचं, ही माझी जुनी सवय आहे.

तो जिवाभावाचा माणूस म्हणजे सरकार. खरं नाव सगळे विसरले होते, कारण मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीवरच्या त्या मोटरसायकल शर्यतींत, नऊ वर्षं त्याचंच राज्य होतं. उंचवट्यांवरून गाडी हवेत उडवायची, चिखलातून काढायची, आणि हा गडी घरच्या अंगणात फिरल्यासारखा पुढे निघून जायचा. बाकीचे आम्ही दुसऱ्या क्रमांकासाठी भांडायचो. आमच्यात गोणी नावाचा एक जाडजूड मेकॅनिक होता. तो म्हणायचा, "सरकारच्या मागच्या चाकाची माती खाऊनच पोट भरतं माझं, घरी जेवण लागत नाही." फौजदार म्हणून एक होता, त्याने एकदा सरकारला वळणावर अडवायला जाऊन स्वतःच झुडपात मुक्काम केला. सरकारने थांबून त्याला ओढून काढलं, आणि तरी शर्यत जिंकली. मी सहा वेळा दुसरा आलो. सगळे मला 'दोन नंबर' म्हणून हाक मारायचे. मी हसायचो, आणि घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचो.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी. चिखलाच्या शर्यतीत गॉगलच्या काचेवर पातळ प्लॅस्टिकचे पापुद्रे लावतात, एकावर एक. प्रत्येकाला बाजूला एक शेपटी असते. समोरचं दिसेनासं झालं की शेपटी ओढायची, वरचा पापुद्रा निघून जातो आणि काच पुन्हा लख्ख. मी नेहमी सात लावायचो. सरकार गेला त्या दिवशी सहा ओढले होते. सहावा तिसऱ्या उंचवट्याच्या जरा आधी.

तिसऱ्या उंचवट्यावर मास्तर उभे असायचे. शाळेत ड्रिल शिकवून निवृत्त झालेले. पलीकडे कोणी पडलं असेल तर पिवळा झेंडा हलवायचा, एवढंच त्यांचं काम. झेंडा हलला की गाडी हवेत न्यायची नाही, हळू उतरायचं. त्या दिवशी सरकार पलीकडे पडला होता, आणि मी पुऱ्या वेगाने हवेत गेलो. मी त्याच्यावर उतरलो. चौकशी समितीने माझा गॉगल टेबलावर ठेवला. काच स्वच्छ होती, सातवा पापुद्रा वर तसाच. अध्यक्षांनी विचारलं, झेंडा दिसला का? मी म्हणालो, "काच बघा ना साहेब. झेंडा हलला असता तर दिसला असता." माझा स्वच्छ गॉगल हाच मास्तरांविरुद्धचा पुरावा ठरला. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या मैदानावर मी पहिला आलो.

आणि आता, फाटक काढायला निघालो त्याच आठवड्यात, मास्तरांच्या मुलीचा मला फोन आला होता. वडिलांना झटका येऊन चार महिने झाले होते, वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती. एक ओळ लिहून द्या, म्हणाली, झेंडा हलला होता एवढीच. त्यांना वाचून दाखवते. मी म्हणालो, बघतो. त्यानंतर तिचे दोन फोन मी उचलले नाहीत.

मैदानावर पोचलो तेव्हा धुकं जमिनीला टेकलं होतं. गुडघाभर वाळलं गवत, खाली दगडासारखी कडक माती. कित्येक महिन्यांत पाऊस नव्हता. फाटक उभंच होतं, गंजून जागच्या जागी घट्ट. एका ओळीत सगळे उभे राहायचे, हे फाटक खाली पडलं की सुटायचे. मी पहिल्या बोल्टला तेल मारलं, पाना लावला. नट तसूभर हलला असेल... आणि अख्खं फाटक आपोआप आडवं झालं.

त्या दणक्याबरोबर माझ्या डाव्या हाताला इंजिन गरजलं. जुन्या पद्धतीचं, कर्कश. वाऱ्याचा झोत गुडघ्याला लागून पुढे गेला आणि जळक्या तेलाचा वास नाकात भरला. डोळ्यांना काही दिसलं नाही. डाव्या हाताची जागा नेहमी सरकारची असायची.

माझे पाय आवाजामागे निघाले. का, ते आजही सांगता येत नाही. पंचवीस पावलांवर गवतात काहीतरी चमकलं. पापुद्रा. वर चिखल, आणि तो ओला. मी उचलला. पुढच्या वळणावर दुसरा. पहिल्या उंचवट्याखाली तिसरा. जिथे जिथे मी त्या दिवशी शेपटी ओढली होती, तिथे तिथे एकेक. वेचत वेचत तिसऱ्या उंचवट्याच्या पायथ्याशी आलो तेव्हा खिशात सहा होते.

वर धुक्यात पिवळं काहीतरी हलत होतं.

खांद्यापासून अख्खा हात फिरवत, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. तशी झेंडा हलवायची पद्धत एकाच माणसाची. हलवणारा माणूस मात्र दिसत नव्हता. कापडाचा फडफड आवाज तेवढा येत होता, आणि तो थांबला की पलीकडच्या उतारावरून दुसरा एक आवाज. कोणीतरी कण्हत होतं... फार हळू. दहा पावलं चढलो असतो तर दिसलं असतं.

मी चढलो नाही. मी पळालो. पिशवी, पाने सगळं तिथेच टाकून स्कूटरला किक मारली. वाटेत भुताच्या भीतीपेक्षा लाज जास्त वाटली, ती या गोष्टीची, की बावीस वर्षांनी पुन्हा तिथेच उभा होतो आणि पुन्हा मला फक्त माझंच पडलं होतं.

घरी जायचं सोडून मी मास्तरांकडे गेलो. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या. मुलीने दार उघडलं. चाळिशीची बाई, डोळे जागरणाने सुजलेले. मला पाहून तिला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. ती म्हणाली, "डॉक्टरांना बोलावलंय. सकाळी सातपासून चाललंय हे, थांबतच नाहीये."

खाटेवर मास्तर उताणे पडले होते, डोळे छताकडे. आणि त्यांचा उजवा हात, चार महिने लाकडासारखा पडून असलेला, मूठ आवळून हवेत हलत होता. खांद्यापासून, डावीकडून उजवीकडे. घामाने अंगरखा भिजला होता.

मी खाटेशी गुडघ्यांवर बसलो.

"मास्तर... झेंडा हलला होता. मी पाहिला होता."

हात हलतच राहिला. मग जे कोणालाही कधी सांगितलं नव्हतं तेही मी बोललो. "शेवटची फेरी होती. मला वाटलं, पडलेला कोणीतरी मागचा असेल. सरकार पुढे आहे, तो झेंडा पाहून हळू होईल. तो नेहमीच व्हायचा. तो हळू झाला की मी वरून निघून जाईन... म्हणून मी हळू झालो नाही. पडलेला तोच असेल, हे डोक्यातच आलं नाही. तो कधी पडायचाच नाही."

हात थांबला. हळूहळू छातीवर उतरला.

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. रडली नाही, ओरडलीही नाही. ती म्हणाली, "माझी आई याच खोलीत गेली. शेवटच्या दिवशीही बाबांना विचारत होती, मला तरी खरं सांगा, हलवला होता ना?"

त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिने वही आणि पेन आणून दिलं. मी ओळ लिहिली, खाली सही केली. तिने ती मास्तरांच्या कानाशी दोनदा वाचली. त्यांचे डोळे मिटले, श्वास संथ झाला, आणि मूठ सैल पडली. तिने त्यांच्या तळहातातून काहीतरी उचललं आणि उजेडाकडे धरलं. हे काय आहे, असं तिने मला विचारलं.

पातळ, पारदर्शक, एका बाजूला शेपटी. चिखलाचा ठिपकाही नाही. मी खिशात हात घातला. बोटांना फक्त कोरडी माती लागली.

घरी आल्यावर पत्र्याची पेटी काढली. तिचं कुलूप मी बावीस वर्षांत उघडलं नव्हतं. त्या दिवशीचा गॉगल होता. त्यावरचा सातवा पापुद्रा नव्हता.

गॉगल हातात असतानाच फोन वाजला. वहिनी, सरकारची बायको. माझ्यापायी रंडकी झालेली ही बाई गेली बावीस वर्षं मला दर रविवारी चहाला बोलावते, भावोजी म्हणते, माझ्या तब्येतीची चौकशी करते. त्या चहाचा एकेक घोट कसा घशाखाली उतरतो, ते माझं मला ठाऊक. तिचा आवाज दबका होता.

"भावोजी, एक सांगू? हसू नका. शेडमधली त्यांची गाडी... सकाळी हात लावला तर इंजिन गरम होतं. टाकीत पेट्रोलचा थेंब नाही. चाकांना ओला चिखल आहे. तुम्ही येऊन बघता का?"

फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते. रविवारी येतो, म्हणालो.

आज रविवार. सकाळी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. मास्तरांना सांगितलं तेच वहिनींना सांगायचं, शब्द न बदलता. त्यानंतर त्या मला दारात उभं करणार नाहीत, आणि ते बरोबरच असेल. दहा वाजलेत, लख्ख ऊन पडलंय. स्कूटर घराच्या फाटकाबाहेर काढली आणि पाहिलं, तर वहिनींच्या घराकडे जाणाऱ्या वळणावर पिवळं काहीतरी हलतंय. खांद्यापासून, डावीकडून उजवीकडे. रस्त्यावरच्या कोणाचंच तिकडे लक्ष नाही.

या वेळी मी हळू जातोय. इतका हळू की सायकलवाले मला मागे टाकून चाललेत. पण पाठीमागून एका गाडीचा आवाज येतोय, जुन्या पद्धतीचा, कर्कश. ती गाडी हळू होत नाहीये.