निळ्या दोऱ्याच्या जुड्या

"अजून किती राहिलं?" भोपळ्यानं विचारलं.

"मघाशी होतं तेवढंच," ताई म्हणाली. "मघापासून तू एकच रोप उपटलंयस."

"पण केवढं मोठं होतं!"

सकाळचे नऊ वाजले होते आणि तिघांच्याही पाठीचा काटा ढिला झाला होता. सुट्टीत मुलं डोंगर चढतात, नदीत डुंबतात, गुहेत शिरतात, असं गोष्टींमध्ये असतं. या तिघांच्या वाट्याला गुलाबांचे आठ वाफे आले होते आणि वाफ्यांमध्ये घोळ नावाचं तण होतं. जमिनीला चिकटून पसरणारी, लालसर देठांची, जाड गुळगुळीत पानांची घोळ. एक उपटावी तर शेजारी आणखी चारजणी दात काढून हसत असायच्या.

ताई तेराची. भोपळ्या तिचा भाऊ, अकराचा. गणितात त्याला शून्य एकदाच मिळालं होतं, पण नाव कायमचं चिकटलं. त्यांची मावसबहीण दहा वर्षांची होती. ती दिवसाला शंभर प्रश्न विचारायची, म्हणून सगळे तिला शंका म्हणायचे. ताई-भोपळ्याची आई इथल्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण होती. पहाटे पाचला उठून दीडशे माणसांचा स्वयंपाक करायचा, म्हणजे संध्याकाळी ती बसल्या जागी पेंगायची. तिनेच मुलांना रुग्णालयाच्या बागेत धाडलं होतं. "आजोबांचे गुडघे गेलेत रे," ती म्हणाली होती. "मला वेळ असता तर मीच गेले असते. शनिवारपर्यंत तेवढं करा."

आजोबा म्हणजे बागेचे म्हातारे माळी. सगळेच त्यांना आजोबा म्हणायचे. बागेच्या कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा एक वाफा होता आणि त्यातही घोळच होती, पण भाजी म्हणून लावलेली. दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव नसते. तो ताट तसंच परत पाठवतो. आई त्याच्या भाजीत आजोबांची ही आंबटसर पानं मूठभर टाकायची आणि मग ताट चाटूनपुसून परत यायचं.

पण बागेच्या मुकादमाला हे पटत नव्हतं. या बागेत प्रत्येक वाफ्याला लाकडी पाटी होती, फक्त आजोबांच्या वाफ्याला नव्हती. "पाटी नाही ते तण!" हा मुकादमाचा नियम. आजोबांनी तीनदा पाटी मागितली आणि तीनदा ती राहून गेली. आता शनिवारी मोठ्या डॉक्टरबाई बाग पाहायला येणार होत्या. मुकादमानं आधीच त्यांचे कान भरले होते. गुलाबातली सगळी घोळ म्हाताऱ्याच्या वाफ्यातूनच पसरते, म्हणे! शनिवारी गुलाबात घोळ दिसली, तर तो वाफा खणून टाकायचा आणि आजोबांना घरी बसवायचं, असं ठरलं होतं.

आजोबा त्यावर एवढंच म्हणाले होते, "बरंच होईल. गुडघ्यांना आराम." पण ते म्हणताना त्यांनी मान फिरवली होती, आणि ताईला तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

"पण मला एक सांगा," शंका म्हणाली. "हा दुसरा वाफा आपण शुक्रवारी साफ केला. आज मंगळवार. चार दिवसांत एवढी मोठी घोळ कशी झाली?"

"तणच ते. वाढतं," भोपळ्या जांभई देत म्हणाला.

"चार दिवसांत फुलं येण्याएवढं?"

ताईनं हातातलं खुरपं थांबवलं. शंकानं गुलाबाच्या बुंध्याशी पसरलेला वाळका पाला बाजूला केला आणि खालची घोळ ओढली. एक रोप ओढलं तर त्याच्याबरोबर सात-आठ रोपं एकदम हातात आली! त्यांची मुळं मातीत जेमतेम टेकलेली होती आणि सगळ्यांच्या भोवती एक निळा दोरा गुंडाळलेला होता.

भोपळ्याची झोप उडाली. "अगं ताई, ही तर माझी जुडी! बटाट्याच्या पोत्याचा दोरा आहे. मी बांधली होती शुक्रवारी, तुझ्यापेक्षा माझ्या जुड्या जास्त भरतात हे दाखवायला!"

"आणि टाकली कुठे होतीस?"

"सगळे टाकतो तिथेच. अवजारांच्या खोलीमागे. मुकादमकाका तिथून खड्ड्यात नेऊन टाकतात ना?"

ताईनं आठही वाफ्यांवरून नजर फिरवली.

"म्हणजे," ताई सावकाश म्हणाली, "आपण पाच दिवस एकच घोळ उपटतोय?"

"देवा रे!" भोपळ्या तिथेच मातीत आडवा झाला. "मला उठवू नका!"

*

आजोबा आपल्या वाफ्याच्या कडेला पाय पसरून बसले होते. त्यांनी जुडी उलटसुलट करून पाहिली.

"ही माझी नाही," ते म्हणाले. "बघा, माझी घोळ उभी वाढते. पान रुंद. ही जमिनीला लागून सरपटते, पान बारीक, देठ लाल. चुलत बहिणीच त्या, पण एकीच्या बीतून दुसरी उगवत नाही."

"मग तुम्ही मुकादमकाकांना सांगितलं का नाहीत?" शंकानं विचारलं.

"सांगितलं की. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग मीच दमलो, बाळ."

"पण उपटलेली घोळ मरत कशी नाही?"

"ती फार चिवट. नुसती उपटून टाकली तर पडल्या जागी पुन्हा मूळ धरते. देठाचा तुकडा पडला तरी तेच. आणि ओल नाही मिळाली, तरी अंगातल्या पाण्यावर बी पिकवूनच मरते. म्हणून तिला लांब खड्ड्यात नेऊन वर हातभर माती लोटायची." आजोबांनी गुडघा चोळला. "खड्डा त्या चढावर आहे. मला आता तो चढवत नाही."

दुपारी जेवणं झाल्यावर सगळी बाग पेंगत होती. तिघं पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसले. अर्ध्या तासात शंका ताईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली आणि भोपळ्या बसल्याबसल्या मागे-पुढे डुलायला लागला. पहारा म्हणजे गंमत नसते, नुसते पाय आखडतात.

तेवढ्यात करकर करत हातगाडी आली.

मुकादमानं सकाळची सगळी घोळ गाडीत भरली होती. तो चढाच्या तोंडाशी आला. त्यानं वर खड्ड्याकडे पाहिलं, कमरेवर हात ठेवून एक लांब सुस्कारा सोडला, आणि गाडी वळवली! थेट पाचव्या वाफ्यात! गुलाबांच्या बुंध्याशी त्यानं घोळ ओतली, वर वाळका पाला पसरला आणि हात झटकले.

"आऽऽक् छी!" पाल्याची धूळ भोपळ्याच्या नाकात गेली होती.

"कोण रे तिकडे?"

शंका दचकून जागी झाली आणि डोळे चोळत बाहेर आली. "आम्ही सावलीत झोपलो होतो, काका," ती म्हणाली. ते खोटंही नव्हतं.

"झोपा काढा!" मुकादम खेकसला. "आणि शनिवारी गुलाबात तण राहिलं म्हणजे त्या म्हाताऱ्याच्या नावानं रडा!" गाडी करकरत निघून गेली.

"आताच्या आता डॉक्टरबाईंना सांगू या!" भोपळ्या म्हणाला.

"आणि काका म्हणतील, पोरं खोटं बोलतात. मग?" ताई म्हणाली. "पुरावा हवा. असा पुरावा, जो काका स्वतःच्या हातानं वाफ्यात नेऊन ठेवतील."

तिनं निळा दोरा बोटाला गुंडाळला आणि पाचच मिनिटांत बेत ठरला.

आईनं बटाट्याच्या पोत्यांचे सगळे दोरे दिले. "कशाला?" तिनं विचारलं. "शनिवारी सांगू," ताई म्हणाली. आईच्या अंगात पुढचं विचारण्याएवढं त्राण नव्हतं. तिनं नुसती मान हलवली आणि पुन्हा कढईत उलथनं घातलं.

बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी तिघं उपटत राहिले. प्रत्येक दहा रोपांची जुडी, मुळांशी निळा दोरा, तो दिसू नये म्हणून वरून मातीचा लपका. पहिल्या दिवशी गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी बोटं सोलली. तिसऱ्या दिवशी भोपळ्या दोरा बांधता बांधता म्हणाला, "ताई, जे पुन्हा तिथेच येणार आहे ते उपटायचं, म्हणजे आपल्यासारखे गाढव आपणच!"

"बांध," ताई म्हणाली. तिलाही रडू येत होतं, पण आजोबांनी फिरवलेली मान तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

मंगळवारी सापडलेली पहिली जुडी मात्र शंकानं स्वयंपाकघराच्या खिडकीत, पांढऱ्या ताटलीत ठेवली होती. पाण्याचा थेंब नाही, मातीचा कण नाही. ती रोज सकाळी तिच्याकडे टक लावून बघायची.

*

शनिवारी डॉक्टरबाई छत्री टेकत आल्या. रात्रपाळी करून आल्या होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. बागेकडे पाहण्याआधी त्यांनी बसायला जागा आहे का ते पाहिलं.

"बघा, बाई!" मुकादमानं पाचव्या वाफ्याकडे बोट केलं. पाल्यातून घोळीची लाल देठं डोकावत होती. "पोरांनी आठ दिवस उपटली तरी ही गत! मूळ तिकडे कोपऱ्यात आहे. तो वाफा खणला की आजार गेला!"

आजोबा काठीवर हनुवटी टेकून उभे होते.

"आजोबा, तुम्हाला काही सांगायचंय?" बाईंनी विचारलं.

"सांगून झालंय सगळं," आजोबा म्हणाले.

ताईनं हातांची माती झटकली. मग ती पुढे झाली. "बाई, तो पाला जरा उचलून बघाल का?"

"ए, मोठ्यांच्या मध्ये..." मुकादम ओरडला. पण बाईंनी छत्रीच्या टोकानं पाला सारला होता. खाली घोळीची जुडी होती. बाईंनी ती उचलली. माती गळून पडली आणि निळा दोरा दिसला.

"हे काय?"

"आम्ही बांधलाय," भोपळ्या म्हणाला. "उपटल्यावर! खोलीमागे टाकल्या होत्या जुड्या. बुधवारपासून त्रेसष्ट! तुम्हीच बघा किती परत आल्यात!"

मग एकच धांदल उडाली. भोपळ्या पाचव्या वाफ्यात, शंका सहाव्यात, ताई सातव्यात. "ही एक!" "ही दुसरी!" "इथे चार आहेत!" निळ्या दोऱ्यांचा ढीग बाईंच्या पायाशी वाढत गेला. मुकादमाचा चेहरा उतरत गेला.

"पण... पण उपटलेलं तण मरतंच की!" तो चाचरत म्हणाला. "मी म्हटलं, कुजेल, झाडांना खत होईल..."

"थांबा!" शंका स्वयंपाकघरात धावली आणि ताटली घेऊन आली. तिच्यामागून आईही हात पुसत आली. "ही मंगळवारपासून कोरडी आहे, काका. आता बघा हं!" तिनं जुडी ताटलीवर हलकेच आपटली. बारीक बोंडांची टोपणं उडाली आणि पांढऱ्या ताटलीवर काळं काळं बी सांडलं, मोहरीपेक्षाही बारीक. कितीतरी!

बाई वाकून बघत राहिल्या. "आणि आजोबांची घोळ?"

ताईनं कोपऱ्यातून एक काडी आणली. उभी, रुंद पानांची. जुडीशेजारी धरल्यावर कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. "गुलाबात अशी एकही सापडली नाही, बाई," ती म्हणाली.

मुकादम हातगाडीच्या दांड्यावर टेकला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "पाठ धरते हो, बाई. दुसरा माणूस सोडून गेला त्याला सहा महिने झाले. भरली गाडी त्या चढावर जात नाही. म्हटलं, पाल्याखाली कोण बघतंय..."

"दमलात हे मला सांगायचं होतंत," बाई म्हणाल्या. "ते सोडून तुम्ही दुसऱ्या दमलेल्या माणसाच्या पोटावर पाय देत होतात."

मुकादमानं मान खाली घातली. मग तो आजोबांसमोर जाऊन उभा राहिला. "चुकलो," तो म्हणाला.

"हं," आजोबा म्हणाले. "कमरेला पट्टा बांध. मी बांधायचो."

बाईंनी तिथल्या तिथे सगळं मार्गी लावलं. नवा खड्डा खाली, सपाटीवर खणायचा. गाडी ओढायला आणखी एक माणूस द्यायचा. आणि कोपऱ्यातल्या वाफ्याला कुणी हात लावायचा नाही. मग त्यांनी ताईच्या हातातल्या काडीचं एक पान तोडून तोंडात टाकलं. आंबट चवीनं त्यांच्या थकलेल्या डोळ्यांत जरा पाणी चमकलं.

"अरे, हे तर माझ्या रोग्यांच्या भाजीत असतं! ताटं रिकामी येतात ती यामुळे होय?" त्या आईकडे वळल्या. "तुमची मुलं गुणी आहेत. इतक्या चिकाटीनं काम करणारी माणसं माझ्या वॉर्डात हवीत!"

"मला माहितीच नव्हतं काही," आई म्हणाली. तिनं तिघांनाही एकदम जवळ ओढलं, आणि कितीतरी वेळ ती तशीच त्यांना टेकून उभी राहिली.

संध्याकाळी मुकादमानं स्वतः रंधा मारलेली फळी आणून दिली. ताईनं रंगानं त्यावर मोठ्या अक्षरात 'घोळ' लिहिलं, भोपळ्यानं ती वाफ्यात ठोकली, आणि आजोबा काठी टाकून ती पाटी बघत राहिले. "तीनदा मागितली होती," ते म्हणाले.

मग ते कण्हत खाली वाकले. पाटीच्या पायाशी, वाफ्याबाहेरच्या वाटेवर, एक घोळ उगवली होती. रुंद पानांची, त्यांच्याच वाफ्यातली. आजोबांनी ती मुळासकट उपटली.

"अहो आजोबा, ती तर आपली!" शंका ओरडली.

"पाटीच्या आत आपली. वाटेवर आली की तण," आजोबा म्हणाले आणि त्यांनी ती भोपळ्याच्या हातात ठेवली. "जा, खड्ड्यात टाकून ये. आणि वर माती लोट."

"आत्ता?" भोपळ्यानं चढाकडे पाहिलं. नवा खड्डा अजून खणायचा होता.

त्यानं एक लांब सुस्कारा सोडला, अगदी मुकादमासारखा. मग तो निघाला. दहा पावलं गेल्यावर त्यानं मागे वळून पाहिलं, तर ताई आणि शंकाही पाय ओढत त्याच्यामागून येत होत्या.