पावणेसहाचा सेल्फ

मी चुकून पंधरा मिनिटं आधी खाली उतरले, म्हणून हे सगळं झालं. आईनं आदल्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ पुढं करून ठेवलं होतं आणि मला सांगितलंच नव्हतं. काळेवाडीतल्या आमच्या बिल्डिंगखाली डिसेंबरचा गारठा, आणि त्यात कंपनीच्या पिकअपला नव्यानं लागलेली व्हॅन उभी. ड्रायव्हर सेल्फ मारत होता. खर्रर्र... खर्रर्र... इंजिन काही दाद देईना.

"चल की बाई," तो स्टिअरिंगला विनवत होता. "आजच्या दिवस..."

मला हसू फुटलं. तो दचकून खाली उतरला आणि इतका ओशाळला, की मीच हसू आवरलं.

"मॅडम, कुणाला सांगू नका. एकदा गरम झाली की दिवसभर काय तरास न्हाई. थंड असली की नखरे करती."

"नाही सांगत," मी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशीही पावणेसहालाच उतरले. त्या दिवशी घड्याळ बरोबर होतं.

त्याचं नाव रोहिदास. गाव राजगुरुनगर, तिकडं आई आणि थोडी शेती, इथं आमच्याच गल्लीत एक खोली. व्हॅन त्याची स्वतःची, चाकणच्या आमच्या कंपनीच्या पहिल्या शिफ्टला लावलेली. कासारवाडीच्या मेकॅनिकनं बॅटरी बदलली, प्लग बदलले. पण त्याच्याकडं नेईपर्यंत गाडी गरम व्हायची आणि तिथं एका सेल्फमध्ये चालू. मेकॅनिक म्हणायचा, "भावा, गाडीला काय झालं नाही. तुलाच झालंय."

ती पंधरा मिनिटं आमची दोघांचीच. तो पुढं सेल्फ मारत बसायचा, मी मागच्या सीटवर शाल लपेटून. बोलणं सगळं आरशातून.

"गाडीतल्या सगळ्या मला दादा म्हणत्यात," तो एकदा म्हणाला. "तुमी का म्हणत न्हाई?"

"मग काय म्हणते मी?"

"परवापासनं 'अहो' चाललंय तुमचं."

"ते... हाक मारायला काहीतरी लागतंच ना."

तो नुसता हसला. माझे कान असे तापले, की त्यावर त्याची गाडी चालू झाली असती.

इथवर सगळं गोड. आता माझं पाप सांगते.

गाडीच्या टाकीत जो छोटा पेट्रोलचा पंप बसतो, तो आमच्या कंपनीत बनतो. मी टेस्टिंगला. दिवसभर तेच ऐकते – चावी फिरवली की पंप 'ऊंऽऽ' करतो, आवाज चढतो आणि थांबतो. या व्हॅनचा पंप माझ्याच सीटखाली होता आणि त्याचा आवाज चढतच नव्हता. तिसऱ्या दिवशीच मला कळलं. पंपाची झडप धरत नव्हती. रात्रभरात नळीतलं पेट्रोल टाकीत परत जायचं आणि सकाळी इंजिनापर्यंत काही पोचायचंच नाही.

कळलं, आणि मी गप्प बसले. गाडी सुधारली की माझी पंधरा मिनिटं गेली ना. त्याला दोनदा लेट मार्क लागला, तरी गप्प. अंथरुणात तळमळायचे... उद्या सांगू, नक्की सांगू... आणि सकाळी आरशात ते डोळे दिसले की जीभ अडायची. इतकी स्वार्थी मी कधीच नव्हते.

गुरुवारी मी गाडीत बसले, तर तो हसला नाही.

"शेखरसाहेबांचा फोन होता," तो म्हणाला. शेखरसाहेब म्हणजे गाड्यांचा ठेकेदार. "आज लेट झाला, तर उद्यापासनं हा रूट दुसऱ्या गाडीला. मग मी गावालाच जाईन, मॅडम. इथं काय ऱ्हातंय माझं?"

त्यानं सेल्फ मारला. खर्रर्र... पुन्हा मारला... आता बॅटरीचा आवाजही बसत चालला. सहाला पाच कमी.

"थांबा," मी म्हणाले. "सेल्फ मारू नका. नुसती चावी फिरवा. आवाज थांबला की बंद करा. परत फिरवा. असं चारदा."

त्यानं न विचारता तसं केलं. ऊंऽऽ... बंद. ऊंऽऽ... बंद. चौथ्या वेळी आवाज चढला.

"आता मारा."

गाडी एका दमात चालू झाली. तो वळून माझ्याकडं बघतच राहिला. "हे तुमाला कसं काय..."

आत्ताच सुचलं, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"पंपाची झडप गेलीय. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. सांगितलं असतं, तर... तर मला सहालाच उतरावं लागलं असतं."

"माझे दोन लेट लागले," तो हळू आवाजात म्हणाला. मग त्यानं आरसा वर ढकलला आणि गिअर टाकला.

कासारवाडीला आमच्याच शिफ्टच्या गोजामावशी चढल्या, पुढं बाकीच्या. "आज आरसा का रुसलाय गं?" मावशींनी माझ्या कानाशी विचारलं. मी झोपेचं सोंग घेतलं. मोशी गेली, तरी आरशात गाडीचं छतच दिसत होतं. उद्यापासून बसनं जायचं, मी ठरवून टाकलं.

गेटवर पोचलो, तेव्हा सात वाजायला चार मिनिटं होती. म्हणजे रूट वाचला. सगळ्या उतरून पळाल्या, मी त्याच्या खिडकीशी थांबले.

"चुकलं माझं. रविवारी अख्खा पंपच बदलून घ्या. नुसती झडप मिळत नाही."

"लई राग आलाय मला," तो समोर बघत म्हणाला. "रूट जाईल ह्या काळजीनं डोळ्याला डोळा न्हाई. आन् रूट गेला, तर तुमी दिसणार न्हाई, ही काळजी त्याच्याहून मोठी." त्यानं एकदाचं माझ्याकडं बघितलं. "राग जाईल दोन दिवसांत. पंप बसल्यावर गाडी लांब चालवून बघायला लागंल. राजगुरुनगरपतोर. आई हाय घरी... येशील?"

'मॅडम'वरून तो थेट 'येशील'वर आला होता.

"आईंना काय सांगणार, कोण आणलीय म्हणून?"

"खरं तेच. जिच्यापायी दोन लेट लागले, ती हीच."

कंपनीचा भोंगा वाजला. आता लेट मला लागणार होता. मी आधी 'येईन' म्हणाले आणि मग पळाले.