दोन टोपणांमागची घुंगरं

"एका पंपाले दोन टोपण औषध टाका."

आवाज निवेदिका प्राजक्ताचाच होता. बाळापूरच्या शेतकरी रेडिओवर सकाळी तो वाजला, आणि तसंच औषध कालवून कपाशीवर फवारता फवारता देवमन शेतातच कोसळला. आता तो अकोल्याच्या दवाखान्यात बेशुद्ध होता. रेडिओ केंद्राच्या फाटकावर माणसं जमली होती आणि त्यांना प्राजक्ता हवी होती.

फौजदार जहाँआराबाईंनी स्टुडिओला आतून कडी लावली.

"हे तू बोलली?"

"नाई मॅडम. मी कायम एकच टोपण सांगत आली."

"मंग आवाज कोनाचा?"

प्राजक्ता रडू लागली. "माहाच हाये. पन मी असं बोललीच नाई."

असल्या उत्तरावर कोण विश्वास ठेवणार? जहाँआराबाईंनी तर नाहीच ठेवला. दूधवाल्याच्या दुधावरही त्यांचा कधी विश्वास बसला नव्हता.

रेकॉर्डिंग सांभाळणारा श्याम शांत बसला होता. टेबलावर त्याचा संगणक, भिंतीवर त्याच्या बैलाचा फोटो. शंकरपटाच्या शर्यतीत पहिला आलेला बैल, गळ्यात घुंगरमाळ.

"रेकॉर्डिंग कोनी केलं?"

"म्याच. काल, याच माइकवर."

बाईंनी ते पुन्हा लावून ऐकलं. "दोन टोपण म्हणताना मागं घुंगरं वाजतात. ते काय?"

श्यामनं रस्त्याच्या दिशेनं बोट दाखवलं. "रस्त्यानं बैलबंडी गेली असन."

स्टुडिओच्या भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकल्या होत्या. बाईंनी शिपाई वाहेदला रस्त्यावर जीपचा भोंगा वाजवायला पाठवलं आणि प्राजक्ताला माइकवर बोलायला लावलं. मग रेकॉर्डिंग ऐकलं. भोंग्याचा मागमूस नव्हता.

"भोंगा आत येत नाई, अन् घुंगरं येतात?"

बाईंनी फोटोतल्या घुंगरमाळेकडं एक नजर टाकली.

"प्राजक्ता, तुहे जुने कार्यक्रम कुठं हायेत?"

"सीड्या माह्या कपाटात, कुलपात. वेबसाइटवरबी हायेत, पन तिथं नुसतं आयकता येते, उतरवून घेता येत नाई."

"बरं. श्यामले एक मेल टाक."

श्याम ताडकन उठला. वाहेदनं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. तेवढ्यात प्राजक्ताची मेल पोचली आणि श्यामच्याच संगणकातून घुंगरं वाजली. तीच.

"मेल आली का तुहा बैल वाजते," जहाँआराबाई म्हणाल्या. "कपाट उघडता आलं नाई म्हणून वेबसाइटवर हिचे जुने कार्यक्रम लावले. संगणकातून निघनारा आवाज संगणकातच रेकॉर्ड करून घेतला. माइक लागलाच नाई. कुठून 'दोन' घेतलं, कुठून 'टोपण', अन् जोडलं. पन रेकॉर्ड करताना मेल आली. संगणक जे जे वाजवते, ते सारं त्यात उतरते. घुंगरं तिच्या शब्दाखाली बसली."

"मले तं आयकूच नाई आली."

"रोजचीच ना ती. कशी येतीन?" बाई पुढं झुकल्या. "औषधाचं दुकान कोनाचं हाये?"

"साळ्याचं, माह्या बायकोच्या भावाचं." त्यानं मान खाली घातली. "माल पडून होता मॅडम. एका जास्तीच्या टोपणानं कोनी मरन असं वाटलं नोयतं."

बाईंना त्याची भयंकर चीड आली. इतक्यात त्यांचा फोन वाजला. दवाखान्यातून देवमनची बायको मैनाबाई बोलत होती.

"मॅडम, त्यायले शुद्ध आली. एकच इचारून राह्यले. प्राजक्तानं असं काहून सांगतलं?"

जहाँआराबाईंनी फोन प्राजक्ताच्या हातात दिला.

"हे तूच सांग," त्या म्हणाल्या. "अन् मंग माइकवर सांग. फाटक त्याच्यानंतर उघडू."

पलीकडं मैनाबाईनं फोन देवमनच्या कानाशी धरला. प्राजक्तानं डोळे पुसले. "देवमनभाऊ," ती म्हणाली, "तो आवाज माहा होता. सांगनं माहं नोयतं."

पलीकडून देवमनचा बसका आवाज आला.

"मंग एकच टोपण ना, बाई?"