निळी माती आणि पांढरी पूझो

नेहमीचा गाडी धुणारा उमऱ्याच्या यात्रेला गेला होता, म्हणून सुहिलाने वडिलांची पांढरी पूझो अन्नाबा शहराच्या सिदी ब्राहिम भागातल्या एका अनोळखी गॅरेजात नेली. शनिवारी धाकट्या बहिणीची वरात याच गाडीतून निघायची होती. आणि गाडी कितीही धुतली तरी तिच्यावरचे बारीक नारिंगी ठिपके हलायला तयार नव्हते.

गॅरेजवाल्याचं नाव झोहैर. तिशीचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला. त्याने गाडी धुतली आणि बॉनेटकडे बघून हसला.

"घर स्टेशनजवळ आहे ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आगगाडीच्या ब्रेकचा लोखंडी चुरा आहे हा. उडतो, रंगात रुततो, तिथंच गंजतो. हात द्या..." आणि तो एकदम गडबडला. "म्हणजे... ही प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवा. आता डोळे मिटून हात फिरवा."

सुहिलाने पातळ पिशवीतला हात बॉनेटवरून फिरवला. नुसत्या बोटांना जे गुळगुळीत लागलं होतं, ते आता सँडपेपरसारखं खरखरत होतं. तिने झटकन डोळे उघडले.

"पिशवीमुळे जास्त का कळतं?"

"ते... मला कुणी शिकवलं नाही."

"बोट सरकताना अडखळत नाही, म्हणून असेल." ती स्वतःशीच पुटपुटली. "शाळेत रसायन शिकवते मी."

"तरीच! बाई, गाडीची परीक्षा घ्यायला आलात होय?"

त्याने डबीतून निळ्या मातीचा गोळा काढला, तळव्यात मळून चपटा केला. साबणाचं पाणी फवारलं आणि माती अलगद सरळ रेषेत फिरवली. आधी खर्र-खर्र, मग हळूहळू आवाजच बंद. त्याने माती उलटली. तिच्या पोटात नारिंगी चुरा अडकलेला होता.

"घडी घालायची, स्वच्छ बाजू वर आणायची. झालं."

"मी करू?"

"वरातीची गाडी आहे, बाई."

"म्हणूनच तर!"

त्याने माती तिच्या हातावर ठेवली. बोटांना बोटं लागली... दोघांनीही काही झालंच नाही असं दाखवलं.

"एवढं दाबू नका. पोळी लाटताय का?"

"आणि तुम्ही सारखं बघू नका. मग हात घसरतो."

झोहैरचे कान लाल झाले; तो पाण्याची बादली भरायला गेला. तेवढ्यात माती तिच्या हातातून निसटली. सुहिलाने ती उचलली, फुंकर मारली, पुन्हा गाडीच्या दरवाजावर फिरवली. एक... दोन... तीन. आणि तिचा हात थांबला. पांढऱ्या रंगावर वीतभर ओरखडे उठले होते.

झोहैरने बादली खाली ठेवली, ओरखडे पाहिले, तिच्याकडे पाहिलं. "पडलेली माती फेकून द्यायची असते, तिला खडे चिकटतात," तो हळूच म्हणाला. "सांगायचं राहिलं माझ्याकडून."

आणि नेमके त्याच वेळी गाडी बघायला आलेले तिचे वडील लखदर, लोक मानाने म्हणत तसे सी लखदर, गॅरेजच्या दारात उभे राहिले. तीस वर्षं आगगाडीचं इंजीन चालवलेला माणूस. गाडीवरचा ठिपकासुद्धा त्यांना लांबून दिसायचा.

"हे काय?"

"माझी चूक, काका," झोहैर म्हणाला. "माती पडली होती. लक्षात आलं नाही."

"गॅरेज चालवतोस की तबेला? स्टेशनात सगळ्यांना सांगतो, इकडे फिरकू नका म्हणून!"

झोहैरने मान खाली घातली. सुहिला गप्प राहिली असती तर तिचं काहीच गेलं नसतं.

"बाबा, खोटं बोलतोय तो. माती मी पाडली. ओरखडे मीच काढले."

"तू? तू कशाला हात लावलास?"

"मला बघायचं होतं, माती चुरा कशी उचलते ते."

सी लखदरनी मुलीकडे पाहिलं, मग त्या पोराकडे, आणि वाकून ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "शनिवारच्या आत जाईल का हे?"

"तासाभरात जाईल. वरवरचे आहेत."

"मग कर. मी समोर कॉफी घेतो." जाता जाता ते मुलीकडे वळून म्हणाले, "आणि तू लांब उभी राहा."

झोहैरने पॉलिशचं मशीन फिरवलं. ओरखडे विरत गेले, गाडीच्या दारात आभाळ दिसायला लागलं. सुहिला लांब उभी होती... पण फार लांब नाही.

"खोटं का बोललात?"

मशीन थांबलं. "ते तुमच्यावर रागावले असते, तर तुम्हाला परत इथे येऊ दिलं नसतं. अजून तुमचे किती प्रश्न बाकी असतील."

"एकच आहे." तिने एकदा रस्त्यापलीकडे पाहिलं. "शनिवारी लग्नाला याल?"

"एकटा?"

"आईला घेऊन."

झोहैरने मशीन खाली ठेवलं. मुलाची आई येते ती मुलगी बघायला; एखाद्या मुलीनेच आईला घेऊन ये म्हणावं, म्हणजे काय, हे अन्नाबात कुणाला सांगावं लागत नाही.

"आईला... काय सांगू?"

"सांगा, मुलगी फार प्रश्न विचारते. चालेल का, म्हणून."

"चालेल," तो म्हणाला. आईला न विचारताच.