तिसरं रीडिंग

"दार! दार लावा आधी!"

अंधाऱ्या खोलीतून ती ओरडली, तेव्हा तो काचांचा खोका घेऊन उंबऱ्यातच थबकला होता. बाहेरचा उजेड सरळ तिच्या टेबलावर पडला होता अन् मीटरचा काटा टुणकन उडाला होता. टेबलावर दोन काचांच्या मधे द्रवस्फटिकाचा, म्हणजे लिक्विड क्रिस्टलचा, पातळसा थर होता. त्यावर उजेड पडला की त्यातून वीज वाहू लागते. किती वाहते, हेच तर ती महिनोन्‌महिने मोजत होती.

"माझ्यामुळे हलला?" काचा कापणाऱ्या त्या कारागिराने विचारलं.

"उजेडामुळे."

"पण दार तर मीच उघडलं ना...?"

तिला हसू फुटलं. एरवी ती सहजासहजी हसणारी नव्हे. कुठलीही गोष्ट तीनदा दिसल्याशिवाय खरी मानायची नाही, म्हणून सगळी प्रयोगशाळा तिला 'तीनदा मॅडम' म्हणायची.

मग तो दार वाजवून येऊ लागला. तिच्या बोटांना लागू नये म्हणून काचांच्या कडा घासून आणायचा. एके दिवशी खोक्याकडे बघत म्हणाला, "माझ्याशी... लग्न कराल?" तिने ते थट्टेवारी नेलं. पंधरा दिवसांनी त्याने पुन्हा विचारलं. तिचा आनंद पोटात मावेना, तरी म्हणाली, "दोनदा झालं. माझा नियम ठाऊक आहे ना?"

"मग तिसऱ्यांदा विचारतो की!" तो हसतच गेला.

'हो' तिच्या ओठांवर तयार होतं. रोज दाराकडे कान लावून बसायची... असा महिना गेला.

तो आला तेव्हा हातात खोका नव्हता. चेहरा ओढलेला.

"दादा गेला. वहिनी, दोन लहान पोरं, आई... सगळं आता माझ्यावर. उद्या गावी निघतोय. कायमचा."

"आणि... तिसऱ्यांदा?"

"नाही विचारत. तुम्ही हो म्हणाल. ही खोली, हे काम सोडून माझ्यामागे याल. ते मला बघवायचं नाही."

"अहो, पण—"

"येतो."

त्याने दार अगदी सावकाश ओढून घेतलं. उजेडाची पट्टी बारीक होत मिटली आणि काटा शून्यावर येऊन टेकला.

"हो," ती अंधारात म्हणाली. मग पुन्हा एकदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणायला गेली, तर रडूच कोसळलं.